विमेदाराचें हित आणि सरकारचा पहारा

आठवड्याच्या बाजारांत तांदूळ घ्यावयास गेलेला गृहस्थ मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहतो, एखादा दांताखालीं चावून पाहतो, आणि मगच भावाची गोष्ट काढतो. माल डोळ्यांसमोर असतो. तो खोटा निघाला तर पुढच्या बाजारीं त्याच दुकानदाराला जाब विचारतां येतो. विम्याचा व्यापार याच्या अगदीं उलट आहे. तेथें पैसा आज द्यावयाचा असतो. आणि माल, म्हणजे संकटसमयीं हातीं येणारी रक्कम, ही दहा, वीस किंवा तीस वर्षांनीं मिळावयाची असते. पारखून पाहावें असें तेथें कांहींच नसतें. मिळतो तो छापील अटींचा एक कागद. शिवाय आयुर्विम्यांत तर माल मिळाला कीं नाहीं हें पाहण्यास खुद्द गिऱ्हाईकच हयात नसतें. जाब विचारण्याचें काम त्याच्या विधवेवर किंवा अज्ञान मुलांवर येऊन पडतें. इतर व्यापारांत सरकारनें हात घालावा कीं नाहीं याविषयीं वाद असूं शकतो; परंतु विम्याच्या धंद्यावर सरकारची नजर असावी हें जवळजवळ सर्व देशांनीं मान्य केलें आहे, तें याच कारणानें.

ही नजर कोणकोणत्या रीतींनीं ठेवितां येते, ती कोठें पुरी पडली व कोठें अपुरी पडली, याचा इतिहास भारतांत शंभर वर्षांहून अधिक काळाचा आहे. आणि त्याचा अलीकडचा धडा चंद्रपूर जिल्ह्यांतील पोंभुर्ण्यासारख्या रानाकाठच्या तालुक्यांत वाचावयास मिळतो.

प्रथम विम्याचें मूळ गणित ध्यानांत घेतलें पाहिजे. समजा, सारख्या वयाच्या हजार माणसांत वर्षाकाठीं पांच मृत्यु होतात, आणि प्रत्येक मृताच्या वारसास एक लाख रुपये द्यावे असें त्या हजारांनीं ठरविलें. वर्षास पांच लाख रुपये लागतील. ते हजार जणांत वांटले म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास पांचशें रुपये येतील. कोणाचा मृत्यु होईल हें कोणालाच ठाऊक नसतें, पण किती मृत्यु होतील हें बऱ्याच अंशीं ठाऊक असतें. या एका गोष्टीवर विम्याची सारी इमारत उभी आहे. मात्र वय वाढत जाईल तसा मृत्यूचा आंकडाहि वाढत जातो. म्हणून दीर्घ मुदतीच्या विम्यांत तरुणपणीं कांहीं अधिक घेऊन तें म्हातारपणासाठीं सांठवावें लागतें. अशी सांठवलेली रक्कम म्हणजेच विमा कंपनीची गंगाजळी. ती दिसावयास कंपनीची, पण वस्तुतः विमेदारांची अमानत होय.

या ठिकाणींच तीन धोके उत्पन्न होतात. पहिला धोका, गंगाजळी ज्यांच्या हातीं आहे ते चालकच ती उधळतील किंवा आपल्या दुसऱ्या धंद्यांत गुंतवितील, हा. दुसरा, विमा विकणारा एजंट अर्धवट किंवा खोटें सांगून गिऱ्हाईकाच्या गळ्यांत नको तो विमा बांधील, हा. आणि तिसरा, पैसे देण्याची वेळ आली म्हणजे कंपनी अर्जांतील एखादी चूक शोधून काढून हात वर करील, हा. सरकारी नियंत्रणाचा इतिहास म्हणजे या तीन धोक्यांशीं चाललेली झुंज होय.

इंग्लंडांत १८६९ सालीं आल्बर्ट नांवाची मोठी आयुर्विमा कंपनी बुडाली आणि हजारों कुटुंबें हवालदील झालीं. त्याचा परिणाम म्हणून १८७० मध्यें तेथील पार्लमेंटानें कायदा करून नव्या कंपनीस वीस हजार पौंडांची अनामत ठेव भरावयास लाविली व हिशेब प्रसिद्ध करण्याचें बंधन घातलें. भारतांत त्याच सुमारास स्वदेशी विम्याचा धंदा मूळ धरीत होता. मुंबईंत १८७० मध्यें ‘बॉम्बे म्युच्युअल’ व १८७४ मध्यें ‘ओरिएंटल’ या संस्था निघाल्या. तोंपर्यंत युरोपीय कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरावयास नाखूष असत, किंवा त्याच्याकडून जादा दर घेत; बॉम्बे म्युच्युअलनें हिंदी माणसासहि सर्वसाधारण दर लावून तो भेद मोडला.

पुढें स्वदेशीच्या चळवळीनें जोर धरला आणि विमा कंपन्यांचें जणूं पीक आलें. त्यांत सचोटीच्या संस्थाहि होत्या. साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनीं १९१३ सालीं स्थापिलेली ‘वेस्टर्न इंडिया’ ही महाराष्ट्रांतील मध्यमवर्गाच्या विश्वासास पात्र झालेली कंपनी होती. परंतु त्याच गर्दींत तण देखील माजलें. ‘प्रॉव्हिडंट’ सोसायटी या नांवाखालीं आण्या-रुपयांचे हप्ते घेऊन मृत्यु, लग्न, अपत्यजन्म अशा प्रसंगीं रक्कम देण्याचें वचन देणाऱ्या कितीतरी मंडळ्या निघाल्या. त्यांतील पुष्कळांची रीत अशी होती कीं, ठराविक रक्कम देण्याची हमी द्यावयाचीच नाहीं. वर्षभरांत जमलेल्या पैशाचा कांहीं भाग त्या वर्षीं हक्क सांगणाऱ्यांत वांटून टाकावयाचा. मागणारे थोडे असले तर वांटा मोठा दिसे व नवीं गिऱ्हाइकें धांवत येत. मागणारे वाढले कीं वांटा कवडीमोल होई. यांत विमाशास्त्र नव्हतें, केवळ सोडत होती. याला आळा घालण्यासाठीं १९१२ सालीं आयुर्विमा कंपन्यांसाठीं एक व प्रॉव्हिडंट सोसायट्यांसाठीं दुसरा, असे दोन कायदे झाले. तरी ‘वांटणी’ची ही पद्धत साफ बंद झाली ती १९३८ च्या विमा कायद्यानेंच.

हा १९३८ चा कायदा १ जुलै १९३९ रोजीं अंमलांत आला, आणि अनेक दुरुस्त्या होऊन आजहि तोच या धंद्याचा पाया आहे. त्याची मांडणी पाहिली तर वर सांगितलेल्या तिन्ही धोक्यांवर त्यानें उपाय योजिलेले दिसतात. चालकांच्या हातून पैसा सुरक्षित राहावा म्हणून सरकारजमा ठेव, विमागणितज्ञाकडून ठराविक मुदतीनें मोजदाद, आणि आयुर्विम्याच्या निधीपैकीं निम्म्याहून अधिक भाग सरकारी व मान्य रोख्यांत ठेवण्याचें बंधन. मॅनेजिंग एजंटांची पद्धतहि त्यानें मोडून काढली. एजंटाच्या लोभाला आवर म्हणून दलालीची मर्यादा. आणि आपल्या दलालींतून गिऱ्हाईकास सूट देऊन त्याला भुलविण्यास बंदी. तिसऱ्या धोक्यासाठीं त्यांत जें पंचेचाळिसावें कलम आलें तें विमेदाराच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचें होय. विमा उतरून दोन वर्षें झाल्यावर, अर्जांत कांहीं चुकीचें लिहिलें होतें एवढ्याच सबबीवर कंपनीला विमा नाकारतां येणार नाहीं; ती चूक महत्त्वाची होती व विमेदारानें जाणूनबुजून कपटानें केली होती, हें कंपनीनें सिद्ध केलें पाहिजे. २०१५ च्या दुरुस्तीनें ही मुदत तीन वर्षांची झाली, परंतु संरक्षण अधिक पक्कें झालें. तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणानें, कपटाच्या कारणानें देखील, आयुर्विम्याचा करार वादग्रस्त करतां येत नाहीं.

इतका कडक कायदा असूनहि पैसा बुडालाच. पहारेकऱ्याच्या हातीं कंदील होता, परंतु घराच्या किल्ल्या चोराच्याच हातीं होत्या. अनेक विमा कंपन्या मोठमोठ्या उद्योगपतींच्या ताब्यांत गेल्या आणि विमेदारांची गंगाजळी त्यांच्या गिरण्यांची व शेअरबाजाराची खाजगी तिजोरी बनली. डिसेंबर १९५५ मध्यें फिरोज गांधी यांनीं लोकसभेंत हा प्रकार उघड्यावर आणला. भारत इन्शुरन्स कंपनीच्या पैशाच्या अफरातफरीबद्दल रामकृष्ण दालमिया यांस पुढें न्यायालयानें शिक्षा केली.

१९ जानेवारी १९५६ च्या रात्रीं अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं नभोवाणीवरून राष्ट्रास उद्देशून भाषण केलें आणि आयुर्विम्याचा सारा धंदा सरकारनें ताब्यांत घेतल्याचें जाहीर केलें. आगाऊ चाहूल लागली असती तर निधींची पळवापळव झाली असती, म्हणून वटहुकूम होईपर्यंत पराकाष्ठेची गुप्तता राखण्यांत आली होती. मागच्या दहा वर्षांत पंचवीस आयुर्विमा कंपन्या दिवाळ्यांत निघाल्या व आणखी पंचविसांनीं आपलें भांडवल इतकें उधळलें कीं, त्यांचा धंदा विमेदारांचें नुकसान सोसून दुसऱ्यांकडे सोंपवावा लागला, ही वस्तुस्थिति या निर्णयाच्या मुळाशीं होती. १५४ देशी कंपन्या, १६ विदेशी कंपन्या व ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, अशा २४५ संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजीं आयुर्विमा महामंडळ स्थापन झालें. वाईटांबरोबर साताऱ्याच्या कंपनीसारख्या चांगल्या संस्थाहि त्यांत विलीन झाल्या. महामंडळाच्या कायद्याच्या सदतिसाव्या कलमानें विम्याच्या रकमेस केंद्र सरकारनें हमी दिली, आणि खेड्यापाड्यांतील माणसाला ‘विमा बुडत नाहीं’ असा भरंवसा आला.

सरकार मालक झालें म्हणजे पहाऱ्याची गरज संपली, असें मात्र झालें नाहीं. एक वर्षहि लोटलें नाहीं तोंच, जून १९५७ मध्यें, महामंडळानें हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटींच्या घरांतील शेअर खरेदी केले. हा व्यवहार विमेदारांच्या हिताचा नव्हता. पुन्हां फिरोज गांधींनींच तो प्रश्न लोकसभेंत काढला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छगला यांनीं उघड चौकशी केली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्यें अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांस राजीनामा द्यावा लागला. मालक खाजगी असो वा सरकारी असो, दुसऱ्याच्या अमानतीचा हिशेब चव्हाट्यावर मागणारा कोणीतरी असावाच लागतो, हा त्या प्रकरणाचा बोध होय.

सर्वसाधारण विम्याचें, म्हणजे आग, वाहन, सागरी माल इत्यादींच्या विम्याचें, राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९७३ पासून अंमलांत आलें. १०७ संस्थांच्या चार सरकारी कंपन्या करण्यांत आल्या. पैसा सुरक्षित झाला, परंतु स्पर्धा संपली. गिऱ्हाईकाला दुसरें दुकानच उरलें नाहीं, आणि ढिलाई व खेटे हे नित्याचे होऊन बसले. म्हणून रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर मल्होत्रा यांच्या समितीनें १९९४ मध्यें धंदा पुन्हां खाजगी कंपन्यांस खुला करावा, पण त्यावर स्वतंत्र नियामक नेमावा, अशी शिफारस केली. १९९९ च्या कायद्यानें तें विमा नियामक व विकास प्राधिकरण अस्तित्वांत आलें. त्याचें मुख्य ठाणें हैदराबादेस आहे.

या प्राधिकरणानें केलेल्या कांहीं नियमांचा परिचय प्रत्येक सुशिक्षित कुटुंबास असणें आवश्यक आहे. सारें देणें वजा जातां जी किमान जादा शिल्लक कंपनीपाशीं उरावी असें नियमानें ठरतें, तिच्या दीडपट शिल्लक तिनें राखली पाहिजे. विमापत्र हातीं पडल्यापासून तीस दिवसांत तें वाचून, न पटल्यास, परत करतां येतें व खर्च वजा जातां हप्ता परत मिळतो. पूर्वीं ही मुदत सामान्यतः पंधरा दिवसांची होती, ती २०२४ मध्यें वाढविण्यांत आली. विम्यांत काय मिळतें व काय मिळत नाहीं हें सोप्या शब्दांत सांगणारें माहितीपत्रक कंपनीनें दिलें पाहिजे, आणि मागणी केल्यास तें देशी भाषेंत दिलें पाहिजे. आरोग्यविमा सलग पांच वर्षें चालू राहिला म्हणजे, कपट सिद्ध झाल्यावांचून, जुन्या आजाराची माहिती दडविली या सबबीवर तो नाकारतां येत नाहीं. २०२४ च्या नियमांनीं आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आहे. सर्वसाधारण विम्याचा दावा केवळ कागदपत्रांच्या अभावीं फेटाळूं नये. कागद मागावयाचे ते विमा उतरतांनाच मागावे. हा नियम किती मोलाचा आहे हें समजण्यासाठीं शहर सोडून वैनगंगेच्या खोऱ्यांत गेलें पाहिजे.

पोंभुर्णा तालुका धानाचा. मूल, सावली, सिंदेवाही, गोंडपिपरी हे चंद्रपूर जिल्ह्याचे पूर्वेकडील तालुके आणि पलीकडचा गडचिरोली जिल्हा, या साऱ्या पट्ट्यांत पावसाळ्यांत बांध्यांतून रोवणी चालते व उन्हाळ्यांत मोहफूल व तेंदूपान वेंचण्यासाठीं माणसें रानांत शिरतात. चिखलांत साप, शेतावर वीज, नाल्यास पूर. मृत्यु येथें वय पाहून येत नाहीं. अशा शेतकऱ्यासाठीं महाराष्ट्र सरकारनें २००५-०६ पासून अपघात विम्याची योजना सुरू केली; तिला पुढें गोपीनाथ मुंडे यांचें नांव देण्यांत आलें. हप्ता सरकारनें भरावयाचा आणि अपघाती मृत्यु झाल्यास कंपनीनें वारसास रक्कम द्यावयाची. नंतरच्या काळांत ही रक्कम दोन लाख रुपये होती. सर्पदंश, वीज, बुडणें, जनावराचा हल्ला, इतकेंच नव्हे तर नक्षलवाद्यांकडून झालेली हत्या देखील तींत समाविष्ट होती.

योजना चांगली, पण तिसरा धोका येथें उघड्या डोळ्यांनीं पाहावयास मिळाला. दाव्यास सातबारा हवा, वारसाची नोंद हवी, पोलिसांचा पंचनामा हवा, शवविच्छेदनाचा अहवाल हवा, वयाचा दाखला हवा. रानांतल्या पाड्यावर रात्रीं सर्पदंशानें माणूस गेला, तर सकाळीं अग्निसंस्कार होतो. शवविच्छेदनाची आठवण कोणास राहावी? बाप मेल्यावर फेरफार करून सातबाऱ्यावर मुलाचें नांव चढविण्यास कधीं कधीं वर्षें लोटतात. तोंवर तो जमीन कसतो, पण कागदावर तो शेतकरी नसतो. अशा घरांतील विधवेचा दावा मुंबई-पुण्याच्या कार्यालयांतून ‘त्रुटी’ या एका शब्दाखालीं परत येई. ज्यांना ग्राहक न्यायालयाची वाट ठाऊक होती त्यांतील कांहींनीं ती धरली. बाकीच्यांनीं नशिबास दोष दिला.

येथें विशेष ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, या व्यवहारांत गिऱ्हाईक एखादा अडाणी शेतकरी नव्हता, खुद्द राज्यसरकार होतें. हप्ता त्याचा, करार त्याचा, वकील त्याचे. तरीहि दावे वेळेंत निकालांत निघत नाहींत व किरकोळ त्रुटी काढून ते नाकारले जातात, अशी तक्रार सरकारलाच करावी लागली. शेवटीं एप्रिल २०२३ मध्यें सरकारनें विमा कंपन्यांना या योजनेंतून वगळलें आणि ती सानुग्रह अनुदानाच्या रूपानें स्वतः चालविण्याचें ठरविलें. अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्याकडे द्यावयाचा व निर्णय तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील समितीनें करावयाचा. म्हणजे मृत्यूची चौकशी ज्या तालुक्यांत घडली तेथेंच निर्णयहि होऊं लागला. मात्र यालाहि दुसरी बाजू आहे. विमा हा करारानें मिळणारा हक्क आहे. सानुग्रह अनुदान हें नांवाप्रमाणेंच सरकारच्या अनुग्रहावर व अंदाजपत्रकांतील तरतुदीवर अवलंबून राहतें. हक्क सोडून अनुग्रह घेण्याची पाळी आली हा नियंत्रणाचा पराभव होय, त्याचा पर्याय नव्हे.

पिकाच्या विम्याची कहाणी निराळी आहे. २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना चालू झाली. खरिपांतील अन्नधान्यास शेतकऱ्यानें विमा रकमेच्या शेंकडा दोन, रब्बींत दीड, व नगदी पिकास पांच इतका हप्ता भरावयाचा. बाकीचा भार केंद्र व राज्य यांनीं उचलावयाचा. भरपाई मात्र एकेका शेतकऱ्याच्या शेतावरून ठरत नाहीं. महसूल मंडळांतील पीककापणीच्या प्रयोगांवरून ठरते. उदाहरणार्थ, मंडळाचें उंबरठा उत्पादन हेक्टरी हजार किलो धरलें, आणि प्रयोगांत आठशें किलो भरलें, तर तूट शेंकडा वीस झाली. पन्नास हजारांच्या विम्यावर दहा हजार रुपये मिळतील. पण मंडळाची सरासरी हजाराच्या वर गेली, तर नाल्याकाठच्या ज्या एकाची बांधी आठ दिवस पाण्याखालीं सडली त्याला कांहींच मिळत नाहीं. अशा एकट्यादुकट्याच्या नुकसानीसाठीं स्थानिक आपत्तीची वेगळी तरतूद होती, व बाहत्तर तासांत सूचना द्यावी अशी तिची अट होती. परंतु धानाचें शेत पाण्याखालीं जाणें ही आपत्तिच २०१८ मध्यें त्या यादींतून गळली. आणि रानडुकरांनीं एका रात्रींत उध्वस्त केलेलें शेत तर तींत नव्हतेंच. धानाच्या व रानाच्या मुलखाला ज्या दोन संकटांची खरी भीति, तींच दोन्ही विम्याच्या बाहेर राहिलीं. नोव्हेंबर २०२५ मध्यें केंद्र सरकारनें २०२६ च्या खरिपापासून या दोहोंचा समावेश करण्याचें जाहीर केलें.

कंपन्यांच्या नफ्यास मर्यादा घालण्याचा एक प्रयोग महाराष्ट्रांतच झाला. बीड जिल्ह्यांत २०२० पासून व नंतर राज्यभर असा नियम करण्यांत आला कीं, भरपाई हप्त्याच्या शेंकडा ८० पेक्षां कमी झाली तर कंपनीनें वीस टक्केच ठेवून बाकी सरकारास परत करावें. आणि भरपाई ११० टक्क्यांच्या वर गेली तर जादा भार सरकारनें सोसावा. २०२३ च्या खरिपांत याच्या जोडीला शेतकऱ्याचा हिस्सा केवळ एक रुपया करण्यांत आला. त्याचें फळ मात्र विपरीत निघालें. एक रुपयांत विमा मिळतो म्हटल्यावर दुसऱ्याच्या, एवढेंच काय पण पडीक व सरकारी जमिनींवरहि विमे उतरविल्याचे बनावट अर्ज मोठ्या संख्येनें उघडकीस आले, आणि २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद करून पूर्वींचा हिस्सा पुन्हां लागू करण्यांत आला. विम्याचा करार परस्परांच्या पूर्ण सचोटीवर उभा असतो. कंपनीच्या अप्रामाणिकपणानें विधवेचें नुकसान होतें तसेंच गिऱ्हाईकाच्या अप्रामाणिकपणानें शेजाऱ्याचें होतें. कारण भरपाई शेवटीं सर्वांच्या हप्त्यांतूनच निघते.

या साऱ्यावरून सरकारनें चार भूमिका करून पाहिल्या असें दिसून येईल. १९१२ पासून तें पहारेकरी झालें, १९५६ मध्यें मालक झालें, १९९९ नंतर पंच झालें, आणि शेतकरी विम्यांत स्वतः गिऱ्हाईक झालें. यांपैकीं कोणतीहि एक भूमिका पुरेशी ठरली नाहीं. जेथें हिशेब उघड झाला आणि जेथें नकाराचें कारण कोणापुढें तरी सिद्ध करावें लागलें, तेथेंच विमेदाराला न्याय मिळाला. नियम कितीहि चांगला असला तरी तो मागणाऱ्याच्या मुखांतूनच बोलतो.

म्हणून मागण्याची वाट प्रत्येक घरास ठाऊक असावी. तक्रार प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी व तिची पोंच जपून ठेवावी. एक महिन्यांत उत्तर न आल्यास, किंवा तें समाधानकारक नसल्यास, विमा लोकपालाकडे जातां येतें. ही संस्था १९९८ पासून आहे; तिचीं कार्यालयें मुंबई व पुणें येथें आहेत; वकील लागत नाहीं, शुल्क नाहीं, आणि तिचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आंत मात्र तेथें गेलें पाहिजे. जिल्हा ग्राहक आयोगाचें दार दोन वर्षेंपर्यंत उघडें असतें. असे आयोग चंद्रपूर व गडचिरोली येथेंहि आहेत, आणि पांच लाखांपर्यंतच्या व्यवहारास तेथें शुल्क पडत नाहीं.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांकडून याहून थोडी अधिक अपेक्षा आहे. विम्याचा अर्ज एजंटास भरूं न देतां स्वतः भरावा, आजाराची माहिती खरी लिहावी, वारसाचें नांव नोंदवावें, आणि विमापत्र कोठें ठेविलें आहे हें घरांतील स्त्रियांना सांगून ठेवावें. घरीं काम करणाऱ्या बाईचें, शेतावर राबणाऱ्या गड्याचें, बँकेंत खातें असतें. वर्षास वीस रुपयांत अपघाताचा व ४३६ रुपयांत आयुष्याचा दोन दोन लाखांचा विमा देणाऱ्या, २०१५ सालीं निघालेल्या केंद्र सरकारच्या योजना त्याच खात्यावर मिळतात. हप्ता खात्यांतून परभारें कापला जातो, आणि पुष्कळदां घरच्यांना त्या विम्याची वार्ताहि नसते. मृत्यूनंतर तें खातेंपुस्तक एकदां उघडून पाहावें व दाव्याचा अर्ज लिहून द्यावा, एवढें काम लिहितांवाचतां येणाऱ्या कोणाहि माणसास करतां येण्यासारखें आहे; आणि पोंभुर्ण्याच्या पाड्यावरील विधवेला सर्वांत मोठी उणीव भासते ती याच माणसाची.